तिसऱ्या ओळीतलं नाव

बसवनगुडी, बेंगळुरू
रविवार, जेवणं झाल्यावर

तीर्थस्वरूप सुब्राय मामांच्या पायांशी (गुडघ्यांना तेल चोळून बसला असाल तर जरा लांबूनच) भाचा नरहरीचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सारे खुशाल. तिकडे तुमचे गुडघे, मामीचा नवा डोळा, सुपारीवरचा कोळेरोग आणि शेजारच्या परमय्यांशी चाललेला कुंपणाचा वाद, हे चारही आटोक्यात असतील अशी आशा करतो. तुम्ही या आठवड्यात तीनदा फोन करून विचारलंत, "अप्पी, सुमंगला मधेच कशी काय घरी येते म्हणते? तुमच्या ऑफिसात काय झालंय?" आणि तिन्ही वेळा मी रेंज नाही असं सांगून फोन ठेवला. (रेंज होती. बेंगळुरूत एक वेळ रस्ता नसेल, पण रेंज असते.) प्रकरण फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून हे पत्र. तुम्ही चाळीस वर्षं शिरसीच्या शाळेत पोरांच्या वह्या तपासल्यात, तेव्हा लाल पेन जरा बाजूला ठेवून एकदा शेवटपर्यंत वाचा. यात माझा काही दोष नाही हे तुमच्या आपोआप ध्यानात येईल.

आधी आमच्या कामाची रीत सांगतो. मी, तुमची लेक आणि आणखी चौघे, असा आमचा सहा जणांचा गट. परदेशातल्या ट्रकमालकांना त्यांचे ट्रक कुठे पोचले हे दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. ट्रक कुठे आहेत हे आम्हाला बसल्या जागी कळतं, पण आम्ही कुठे पोचलो हे आमच्या साहेबाला, म्हणजे केशवला, कळत नाही. म्हणून रोज सकाळी दहाच्या आत प्रत्येकाने गटाच्या चॅटवर तीन ओळी टाकायच्या: काल काय केलं, आज काय करणार आणि अडचण काय. ऐकायला सोपं वाटतं. पण या तीन ओळींची एक वेगळीच भाषा आहे, आणि ती शिकायला मला एकवीस वर्षं लागली. 'बघतोय' म्हणजे अजून उघडलेलं नाही. 'खोलात जाऊन बघतोय' म्हणजे उघडलं आणि घाबरून बंद केलं. 'जवळजवळ झालंच' म्हणजे आज सुरू करणार. 'झालंय, फक्त तपासायचंय' म्हणजे सगळं देवाच्या भरवशावर. आणि तिसऱ्या ओळीत, आभाळ कोसळलं तरी, 'अडचण : नाही' एवढंच लिहायचं. कारण अडचण लिहिली की केशव तिच्यावर बैठक बोलावतो, आणि त्या बैठकीतून कुणी अडचण सोडवून बाहेर आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. आमच्या सगळ्या गटात तुमची सुमंगला एकटी खरं लिहायची. 'काल काही सुचलं नाही, नुसती बसून होते' असं तिने एकदा सरळ लिहून टाकलं. केशवने तिला बाजूला घेऊन समजावलं, "तुझा प्रामाणिकपणा मला फार आवडला. आता ती ओळ बदल."

तर गेल्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी याच केशवने चेहरा पाडून (तो चेहरा त्याने गाडीत बसून तयार केला होता असं आमच्याच गटातल्या वासिमचं म्हणणं आहे) जाहीर केलं की महिनाअखेरीला सहाचे पाच होणार. कोण जाणार? ते म्हणे तो ठरवणार नाही, माहिती ठरवणार. माहिती म्हणजे कुठली, तर याच तीन ओळी. डेन्व्हरला बसणाऱ्या त्याच्या साहेबीण ब्रेंडाबाई त्या वाचणार. (स्वतः नाही वाचणार. त्यांचा एआय मदतनीस वाचून त्यांना चार वाक्यांत सार सांगणार.) मामा, मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. आमच्या धंद्यात त्रेचाळिसाव्या वर्षी माणसाकडे लोक तुमच्या बागेतल्या वाकलेल्या माडासारखं बघतात, पडला तर कुठल्या बाजूला पडेल एवढाच अंदाज घेत. मी घाबरलो. मनापासून घाबरलो.

शेजारच्या टेबलावरचा वासिम (दावणगेरेचा, लोण्याचा डोसा सोडून कशावरही श्रद्धा नसलेला) म्हणाला, "येड्या, त्यांच्याकडे वाचायला यंत्र आहे, तर आपण हाताने कशाला लिहायचं? आपणही यंत्राकडूनच लिहून घेऊ." पटलं. आम्ही दोघांनी एकेक एआय मदतनीस कामाला लावला. तो माझी टपालं, माझी कामाची नोंद, माझं कॅलेंडर, सगळं वाचणार आणि सकाळी माझ्या नावाने तीन ओळी चॅटवर टाकणार. नमुन्यासाठी मी त्याला माझ्याच दोन वर्षांच्या ओळी वाचायला दिल्या. त्या वाचून त्याचा माझ्याबद्दल काय समज झाला कुणास ठाऊक, पहिल्याच दिवशी त्याने चॅटवर लिहिलं: 'काल स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरची नोंदणी यशस्वीपणे पूर्ण केली. आज पोच घेण्याचं काम हाती घेत आहे. अडचण : नाही.' कॅलेंडरमध्ये ते होतं, त्यात त्याची काय चूक? मी तोंड लपवून बसलो. थोड्या वेळाने डेन्व्हरहून ब्रेंडाबाईंच्या नावाने टाळ्यांचं चित्र आलं आणि खाली शेरा, 'पुरवठ्याचा आधीच विचार केलात, उत्तम.' त्या दिवशी मी मदतनिसाचे कान पिळले, घरचं काही लिहायचं नाही म्हणून बजावलं आणि आणखी एकदोन सवयी लावल्या. मग गाडी रुळावर आली.

रुळावर म्हणजे किती! माझ्या मदतनिसाने एकदा वासिमचे आभार मानले, कारण वासिमने मला एक फाइल पाठवली होती. वासिमच्या मदतनिसाने माझ्या आभारांबद्दल आभार मानले. माझ्याने त्या नम्रतेचं कौतुक केलं. त्याच्याने ते कौतुक विनयाने परत केलं. दहा ते साडेअकरा हे चाललं होतं. आम्ही दोघे त्या वेळी खाली कँटीनमध्ये चौचौ भात, म्हणजे एकाच ताटात तिखट उपमा नि गोड शिरा, खात होतो, आणि मी त्याच्या ताटातला शिऱ्याचा मोठा भाग चमच्याने ओढल्यामुळे जुंपली होती. "वर चॅटवर तू माझ्या पाया पडतोयस आणि इथे शिरा चोरतोस? हात मागं घे आधी!" असं वासिम ओरडला, तेवढ्यात दोघांच्या फोनवर केशवचा संदेश आला, 'नरहरी आणि वासिम यांच्यातलं सहकार्य सर्वांनी बघण्यासारखं आहे.' (हा संदेशही केशवने स्वतः लिहिला नव्हता. तो त्या वेळी आमच्या पलीकडच्या टेबलावर वडा सांबारात बुडवत होता, आणि त्याचे दोन्ही हात त्यात गुंतले होते.) पंधरा दिवसांत सहापैकी पाच जणांच्या ओळी यंत्रं लिहू लागली, सहावं यंत्र त्या वाचून खूश होऊ लागलं, सातवं ते डेन्व्हरला कळवू लागलं. काम मात्र पूर्वी जेवढं होत होतं तेवढंच होत होतं, फक्त आता त्याला उपमा-अलंकार लागले होते. सुमंगला एकटी हाताने लिहीत राहिली. मी तिला म्हटलंही, "अगं, तूही लाव एक." ती म्हणाली, "तीन ओळी तर आहेत. तेवढंही स्वतः करायचं नाही, तर इथे यायचं कशाला?" लेक तुमचीच, दुसरं काय.

आता मुद्द्याकडे येतो, आणि इथपर्यंत यायला मी दोन पानं का लावली ते तुम्हाला कळेलच. मामीचा मोतीबिंदू काढला, डोळ्याला सूज आली आणि सुमंगलाची दोन दिवसांची रजा आठ दिवसांची झाली, ते तुम्हाला ठाऊक आहे. रजा वाढवल्याचं तिने केशवला फोनवर सांगितलं होतं. तो 'हो हो, आईकडे बघ' म्हणाला आणि नोंद करायची विसरला. ती जाताना मीच तिला म्हणालो होतो, "बिनधास्त जा, इकडचं मी बघतो." आणि तुम्हीही दवाखान्यातून फोन करून म्हणाला होतात, "अप्पी, तू तिथे आहेस म्हणून पोरीला इथे थांबवून घेतो." आमच्यात एकाने लिहिलेलं काम दुसऱ्याने तपासून 'ठीक' म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. माझं काम तपासायची पाळी सुमंगलाची होती. ते वासिमकडे वळवायचं माझ्या डोक्यात आलं नाही. मदतनिसाने मात्र पाहिलं की काम अडलंय, कुणाकडे अडलंय हेही पाहिलं, माझ्या नावाने तिला रोज एक आठवण पाठवली (त्या वेळी ती मामीच्या डोळ्यात दर तासाला थेंब घालत होती), आणि उत्तर येत नाही म्हटल्यावर चॅटवर लिहिलं: 'अडचण : सुमंगला. उत्तराच्या प्रतीक्षेत.' सलग पाच दिवस लिहिलं. आमच्या गटाच्या इतिहासात तिसऱ्या ओळीत प्रथमच कुणाचं तरी नाव आलं होतं. डेन्व्हरच्या यंत्राला केवढा आनंद झाला असेल! त्याने महिन्याचं सार काढलं त्यात काम करणारे पाच, अडचण एक, आणि तिचं नाव.

सोमवारी ती परत आली. केशवने तिला 'शरावती' नावाच्या काचेच्या खोलीत बोलावलं. (आमच्याकडे खोल्यांना नद्यांची नावं आहेत, आणि माणूस शरावतीत गेला की सगळे मान खाली घालून टंकायला लागतात.) दहा मिनिटांत ती बाहेर आली. बाटली, डबा आणि खिडकीतली तिची ब्रह्मकमळाची कुंडी उचलली आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"नरहरी, माझं तू बघणार होतास ना?"

"अगं, ते यंत्राने लिहिलं गं," मी म्हणालो. "मला कुठे काय माहीत!"

"बरं," ती म्हणाली आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं, मामा.

तर घडलं ते हे असं. केशवचा विसरभोळेपणा, ब्रेंडाबाईंचा आळस, आणि ज्याला आई नाही नि मोतीबिंदूही नाही अशा एका यंत्राचा आगाऊपणा, यात तुमच्या लेकीचा बळी गेला. तिला रागावू नका, तिचं काही चुकलेलं नाही. मामीला नमस्कार, डोळ्याला जपायला सांगा. परमय्यांना माझ्याकडून काही सांगू नका.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
नरहरी

ता. क. : सुमंगला शुक्रवारच्या बसने येते आहे. सामान जास्त असेल, स्टँडवर रिक्षा घेऊन जा. ती 'थोडी विश्रांती घ्यायला आले' असं म्हणेल. तुम्ही 'बरं झालं आलीस' म्हणा आणि आठ दिवस काही विचारू नका.

ता. क. दुसरा : ऐकाल कुठून तरी, म्हणून मीच सांगतो. मला बढती मिळाली आहे. 'अडचणी उघडपणे मांडल्याबद्दल' असं पत्रात लिहिलंय. आता दर बुधवारी मी दुसऱ्या गटांना शिकवतो, मदतनिसाकडून तीन ओळी कशा लिहून घ्यायच्या ते. नाही म्हणणार होतो. म्हटलं नाही.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून हे लिहितो आहे. सिलिंडरच्या फजितीनंतर मदतनिसाला ज्या सवयी लावल्या म्हणून वर लिहिलं, त्यातली एक सांगायची मुद्दाम टाळली. तेव्हापासून तो आभार नि आठवणी तेवढ्या परस्पर पाठवतो, पण त्या तीन ओळी आपणहून टाकत नाही. रोज पावणेदहाला तिन्ही ओळी आधी मला दाखवतो आणि विचारतो, 'पाठवू का?' मी हो म्हटल्याशिवाय त्यांतलं अक्षर पुढे जात नाही. सुमंगलाचं नाव आलं त्या पहिल्या दिवशी मी न वाचता हो म्हटलं, देवाशपथ. दुसऱ्या दिवशी वाचलं. ती दवाखान्यात आहे हे मला ठाऊक होतं, नाव पुसायला क्षणही लागला नसता. पण सहातला एक जाणारच होता, आणि तिचं नाव तिथून गेलं तर कुणाचं येईल याचा विचार मी चहा संपेपर्यंत केला. मग हो म्हटलं. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या दिवशी तर विचारही केला नाही. तिला हे माहीत नाही. तिच्यासमोर बोलायची माझी छाती नाही, तेव्हा हे एवढं पान तिला तुम्ही वाचून दाखवा, हीच विनंती, बाकी पत्र चुलीत घाला. आणि कृपा करून मला फोन करू नका. तुम्ही 'जाऊ दे रे, अप्पी' म्हणाल, आणि मला लगेच बरं वाटेल.