लाल बिअरच्या तीन खेपा

१७ जानेवारी १९४६

वाया गेलं सगळं! आणि चूक कुणाची, तर माझी. वीस वर्षं गुऱ्हाळात गुळव्या म्हणून रसाच्या काहिलीपुढं उभा राहिलेल्या माणसाची! सातू भिजवले, मोड आणले, सावलीत वाळवले, भरडले. इथवर बिनचूक. मग पाण्यात घालून सरळ खळखळा उकळले, उसाचा रस उकळतात तसे. मोडातला जीव मेला. गोडी उतरलीच नाही. नुसती पेज. म्हशीला घातली.

ही खेप मोजायची नाही. उद्यापासून पहिली खेप.

कृष्णातनं एकच गोष्ट मागितली आहे. एकुलता पोरगा, इटलीच्या लढाईतून पोटात लोखंडाचे तुकडे घेऊन आला. मिरजेच्या डॉक्टरांनी दोनदा पोट उघडलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, आता घरी न्या, मागेल ते द्या. त्यानं काय मागावं? "आबा, तिकडं आयरिश पलटणीतला एक सार्जंट आमास्नी लाल बिअर पाजायचा. करपल्या भाकरीवानी वास. तसली एकदा घावली असती तर!"

मिरज, सांगली पालथी घातली. लाल कुठंच नाही. मग मीच करणार. दारूच्या थेंबाला मी जन्मात शिवलेलो नाही. पण सांगलीच्या गुळाच्या अड्ड्यावर माझ्या हातची ढेप डोळे झाकून उचलतात. हे काय अवघड आहे?

२२ जानेवारी

मिरजेहून थर्मामीटर आणला. पाणी उकळू द्यायचं नाही. बोट बुडवलं की चटकन मागं घ्यावंसं वाटेल, तेवढंच. तासभर तसंच राखलं आणि चाखलं — गोड! उसाच्या रसाहून वेगळी गोडी. एकटाच हसलो.

कडूपणासाठी हॉप नावाची फुलं लागतात म्हणे. ती मिळेनात. काडेचिराईत घातलं. लाल रंगासाठी मूठभर सातू तव्यावर कॉफीसारखे करपवले. मूठभरच! दोन मुठी झाल्या की काळं होतं, तेही करून बघितलं. बेकरीवाल्यानं पावाचं आंबवण पेलाभर दिलं. सगळं लोणच्याच्या मोठ्या बरणीत.

चुलतभाऊ दादासो कुंपणावरून ओरडला, "काय रं नानासो, म्हातारपणी भट्टी लावली व्हय? गुऱ्हाळावर सगळी वाट बघत्यात तुझी!"

म्हटलं, बघू देत. यंदा मी गुऱ्हाळावर जाणार नाही.

२४ जानेवारी

फेस धरला!

९ फेब्रुवारी

पेला भरला. काय रंग! डाळिंबाचे दाणे उन्हात धरावेत तसा. कृष्णातच्या हातात दिला आणि समोर पाटावर बसलो. तो घेईना.

"आबा, तुमच्यासमोर?"

आमच्यात बापासमोर पोरगं तंबाखू मळत नाही, तिथं हे! मीही माझ्या बापासमोर कधी पान खाल्लं नाही. समजत होतं मला. पण पहिल्या घोटाला त्याचा चेहरा बघायचा होता. माझी जीभ मला काय सांगणार? खरं-खोटं त्यालाच ठाऊक. हटून बसलो. पेल्यातला फेस बसला तरी उठलो नाही.

शेवटी त्याची आई, हरणाबाई, कडाडली, "आवं, उठा की! पोराची जरा लाज राखा!"

ओट्यावर जाऊन पाठ करून बसलो. बऱ्याच वेळानं आतून हाक आली. पेला रिकामा!

"कशी रं?"

"रंग तंतोतंत, आबा. कडू जरा ज्यास्त हाय. फुडल्या बारीला चिराईत कमी करा."

बघा! एका पेल्यात चूक काढली. माझंच रक्त.

११ फेब्रुवारी

चिराईत निम्मं केलं. दुसरी खेप लावली.

२६ फेब्रुवारी

आज आपणहून ओट्यावर गेलो. पेला रिकामा. "कडू आता बराबर. पन तो करपट वास मागनं यायचा, तेवढा न्हाई येत." म्हणजे सातू आणखी खरपूस हवेत, पण रंग काळा पडता कामा नये. अवघड! पण होईल. थोडे थोडे, वेगवेगळ्या आचेवर भाजून बघतो.

त्याला कुशीवर वळवलं. हाताला हाडंच लागली. पण जीभ अजून शाबूत आहे. हरणाबाई हल्ली माझ्याकडं बघून बोलत नाही. भाजण्याच्या धुराचा तिला त्रास होत असेल.

२ मार्च

गवऱ्यांच्या मंद आचेवर जमलं. वास तसाच, रंग लालच. ही खेप चुकणार नाही. आतून कृष्णात म्हणाला, "घाई करू नगा, आबा. निवांत करा."

निवांत कसं करू?

१० मार्च

कृष्णात सकाळी गेला. बरणी अजून फसफसते आहे.

२४ मार्च

तिसरी खेप निवळली. हरणाबाईला म्हणालो, त्याच्या नावानं एक पेला नदीत सोडून येतो.

"नगा," ती म्हणाली. "त्यानं एक थेंबबी घेतला न्हवता. नुसत्या वासानं पोटात कालवायचं त्याच्या. दोन्ही बारीला मीच न्हाणीत वतला."

मग चिराईत कमी करा म्हणाला ते?

"मला म्हनायचा, आबा रिकामं बसलं की माझ्या तोंडाकडं बघत बसत्यात, आये. ते मला बघवत न्हाई. त्यास्नी कामात ऱ्हाऊ दे."