अर्धं पान

३ मार्च
नवी बाई आली. पन्नाशीची! आधी शाळेत गणित शिकवायची, मग कोडिंग शिकली म्हणे. टीममधल्या पोरांनी लगेच नाव ठेवलं — मास्तरीणबाई. आमची साइट रक्त तपासणाऱ्या लॅबची. पेशंटला घरबसल्या रिपोर्ट दिसतो. बाईंना रिपोर्टचंच पान दिलं. बघू.

५ मार्च
पाहिला बाईंचा कोड. आधी डेटाबेसमधून सगळ्या ओळी गोळा करायच्या, मग वेगळ्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे तयार साच्यात, छापायच्या. एवढा द्राविडी प्राणायाम! लूप फिरवा, ओळ आली की छापा — संपलं. सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला, शाळेतल्या कवितेच्या चालीवर. पोरं हसून लोळली. बाई एवढंच म्हणाल्या, "सर, छापता छापता मधेच काही बिनसलं तर?"
"तेव्हा छडी घेऊन या!"

६ मार्च
त्यांचा कोड पुसला, माझा घातला. चाळीस ओळींच्या जागी अकरा.

१२ मार्च
बाई हल्ली जेवायला एकट्या बसतात. काही विचारत नाहीत. आल्या सुतासारख्या सरळ!

२१ मार्च
लॅबचा फोन. एका माणसानं बायकोचा रिपोर्ट उघडला — तीन ओळी, तिन्ही ठीक. चौथी किडनीची, धोक्याची. तिच्यातला एक रकाना रिकामा होता, माझा लूप तिथंच कोसळला. एरर पानावर दिसू न देण्याची सवयही माझीच. पान मात्र दिसायला पूर्ण! दहा दिवस नवरा-बायको निर्धास्त. आता ती आयसीयूत आहे.


२२ मार्च
साहेबांनी विचारलं, "हे पान कुणाचं?"
"बाईंचं." तोंडातून निघून गेलं — छे, इथं तरी खोटं कशाला? विचार करूनच बोललो. कागदोपत्री काम त्यांच्याच नावावर होतं. कोड उघडून बघायला साहेबांना वेळ कुठे! बाईंची नोकरी गेली.

२३ मार्च
बाई सामान न्यायला आल्या. मला राहवेना. "साहेबांना खरं का नाही सांगितलंत?"
खण रिकामा करता करता म्हणाल्या, "कुठल्या तोंडानं? पान अर्ध्यावर तुटतं, हे मी नऊ तारखेलाच पाहिलं होतं. गप्प बसले. तुम्हाला तोंडघशी पडलेलं बघायचं होतं."