उभ्या विमानांचा अभ्यासदौरा

५ जानेवारी

लेकीचा फोन. मार्चअखेरीस बाळ येणार, तेव्हा आम्ही दोघंही तिथे हवेत म्हणाली. तिचं गाव गाडीने दोन दिवस, विमानाने दोन तास. मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, विमानाने येतो. शिवाय शब्द दिला की नातवंड पहिलं रडेल तेव्हा आजोबा दाराबाहेर उभे असतील. पलीकडे ती हसली. आनंदाने असावी.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, आधी गच्चीच्या कठड्याशी उभं राहून दाखवा. कठडा हलतो म्हणून मी तिथे जात नाही. सोसायटीला कितीदा सांगितलं.

नोंदीसाठी: मी आजवर विमानात बसलेलो नाही. योग आला नाही, एवढंच. ऑफिस विमानाने पाठवणार होतं तेव्हा कानात दडे बसले. मेहुण्याच्या मुलाच्या लग्नाच्या वेळी पोट बिघडलं. योगायोग.

६ जानेवारी

विमानात बसायचं तर डोळे उघडे ठेवून. लोक काय, बसतात, पट्टा लावतात आणि घोरतात. मेंढरं नुसती. मेहुणा कंपनीच्या कामासाठी सारखा उडत असतो. त्याला विचारलं, तुझ्या विमानाची इंजिनं पंखाखाली असतात की शेपटीपाशी? म्हणाला, लक्ष नाही दिलं, पण सँडविच बरं असतं. हा माणूस मॅनेजर आहे.

संकल्प: उड्डाणापूर्वी घराजवळची सगळी ऐतिहासिक विमानं बघून काढायची. हमरस्त्याच्या चौकातलं एक, तंत्रनिकेतनाच्या शेडमधलं एक, आणि नदीपलीकडचं विमान संग्रहालय. पाया पक्का हवा. माझा विश्वास जुन्या विमानांवर. इतकी वर्षं झाली, एकही जागचं हललेलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

दौऱ्याचा शुभारंभ. चौकातलं विमान पाहिलं. बसमधून. सिग्नल सुटेपर्यंत भरपूर निरीक्षण झालं. नाक आभाळाकडे, पोटात पोलादी खांब, खांब चौथऱ्यात पक्का. पंखावर कबुतरं निर्धास्त. निष्कर्ष: खांबाची व्यवस्था प्रवासी विमानांतही व्हायला हवी.

हिला सांगितलं. ही म्हणाली, भाजी आणायची राहिली.

२ फेब्रुवारी, रविवार

मधले रविवार थंडीत गेले. आज तंत्रनिकेतन. शेडमध्ये लढाऊ विमान. इंजिन बाहेर काढून लोखंडी घोडीवर ठेवलेलं. दरवर्षी पोरं ते खोलतात आणि जोडतात, असं तिथले सर अभिमानाने सांगत होते. विचारलं, सगळं परत बसतं का? म्हणाले, थोडंफार उरतंच.

उरतं! म्हणजे हीच पोरं पुढे कुठे नोकरीला लागतात, याचा कुणी विचार केलाय?

घरी येऊन हिला हे गांभीर्य समजावलं. ही म्हणाली, तुम्ही मिक्सर दुरुस्त केलात तेव्हाही स्क्रू उरले होते, तो चालतोय की. चालतो. पण झाकणावर दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं. विमानावर कोण दाबून धरणार?

१० फेब्रुवारी

रजेचा अर्ज टाकला. मार्च म्हणजे आमच्या ऑफिसात मान वर करायला सवड नसते. साहेब रजा नाकारणार हे उघड होतं. कर्तव्यापुढे इलाज नाही, असं लेकीला कसं सांगायचं ते वाक्यही तयार ठेवलं होतं.

साहेबांनी उभ्या उभ्या सही केली. वर म्हणाले, घाई करू नका, चांगले महिनाभर राहा. टायपिस्टबाईंनी टाळ्या वाजवल्या. मागच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, दोन महिने नाही का मिळणार? या ऑफिसात माणसाची कदर नाही.

२४ फेब्रुवारी

हिने सांगितलं, तिकिटांचं लेक बघतेय, तुम्ही त्यात पडू नका. उत्तम. माझ्यावर तांत्रिक बाजूचा भार आहेच. फक्त अटी सांगून ठेवल्या. सीट दाराजवळ. खिडकी नको. पायलट पन्नाशीपुढचा आणि शक्यतो नातवंडं असलेला. पाऊस, वारा, ढग नकोत. ही प्रत्येक अटीला बरं म्हणाली. लग्न झाल्यापासून या घरात माझं सगळं ऐकलं गेलं, असं पहिल्यांदाच झालं.

९ मार्च, रविवार

नदीपलीकडचं संग्रहालय. ही आणि मेहुणा बरोबर. खरोखर बघण्यासारखी जागा. मोकळ्या मैदानात ओळीने विमानं. मालवाहू, फवारणीचं, एक समुद्रावर उतरणारं. मी मेहुण्याला प्रत्येकाची माहिती दिली. ती शेजारच्या पाटीवरही होती, असं तो म्हणाला. पाट्या वाचणारा माणूस विमान काय बघणार!

शेवटी जुनं पंख्याचं प्रवासी विमान. आत बसता येतं. गाईडबाई दार लावतात, इंजिनाच्या आवाजाची टेप लावतात, पायाखाली मोटर आहे त्यामुळे फरशी थरथरते. उड्डाणाचा अनुभव म्हणे. रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा लक्षात आलं की तहान लागली आहे. पाणी पिऊन येईपर्यंत दार लागलं. हळहळ वाटली.

पुढच्या रविवारी नक्की. ही बाहेर आल्यावर म्हणाली, मजा वाटली. हिला कशातही मजा वाटते.

१६ मार्च, रविवार, संध्याकाळ

झाल्या प्रकाराची सत्य नोंद करून ठेवतो, कारण मेहुणा तिखटमीठ लावून सांगणार.

आज पाणी पिऊनच गेलो होतो. आत बसलो. पट्टा लावला. हिच्याकडून आणखी घट्ट करून घेतला. दार लागलं. टेप सुरू झाली. फरशी थरथरू लागली. गाईडबाई माइकवरून म्हणाल्या, आता आपण ढगांमध्ये आहोत. खिडकीबाहेर झाड स्वच्छ दिसत होतं, त्याखाली माळी डबा खात होता. तरीही मला काहीतरी जळल्याचा वास आला. मेहुणा म्हणतो, बाहेर पॉपकॉर्नची गाडी होती. असेल. वेळ चौकशी करण्याची नव्हती.

शेजारच्या खिडकीवर लाल दांडा. वर लिहिलेलं, संकटात ओढा. ओढला.

इतक्या वर्षांत तो दांडा कुणी ओढला नसावा. खिडकी चौकटीसकट बाहेर पडली, पंखावर आपटली आणि तिथून कुंड्यांवर. तिच्यामागून मी पंखावर. तिथे गेल्यावर दिसलं की खाली उतरायची सोय नाही. म्हणून बसून राहिलो. हिने खिडकीच्या भोकातून डोकं काढलं आणि हळूच सांगितलं, अहो, आपण जमिनीवरच आहोत. विमान सिमेंटच्या ठोकळ्यांवर आहे. मी म्हणालो, ते मला कुणी शिकवू नये.

माळ्याने शिडी आणली. मी डोळे मिटून उलटा उतरलो. गाईडबाईंनी माझा एकेक पाय धरून पायरीवर ठेवला. चांगली बाई. म्हणाल्या, मध्येच उतरणारे तुम्ही पहिलेच.

मेहुण्याने फोटो काढून लेकीला पाठवला. घरचा भेदी दुसरं काय करणार!

१७ मार्च

त्या विमानावर ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लागल्याचं मेहुण्याने मुद्दाम फोन करून कळवलं.

लेकीचाही फोन आला. मला वाटलं हसेल. हसली नाही. कुठे लागलं का, एवढंच विचारलं. मी सांगितलं, छे, उलट आता शंकाच उरली नाही, चोवीस तारखेला येतोच. ती म्हणाली, बाबा, तुम्ही कसेही आलात तरी मला आनंदच आहे. हे ‘कसेही’ काय ते कळलं नाही. बाळंतपण जवळ आलं की पोरी हळव्या होतात.

२३ मार्च

बॅग भरली. डावा घोटा दुखतोय. लंगडत नाही, पण लंगडावं लागेल अशी चिन्हं आहेत. घसा खवखवतोय. ताप मोजला, नाही. पुन्हा मोजला.

काही झालं तरी जाणार. शब्द दिलाय पोरीला.

२४ मार्च, दुपार

सकाळी विमानतळावर गेलो. स्वतःच्या पायांनी. शर्ट पाठीला चिकटला होता, पण गेलो. दाराशी पहारेकऱ्याने तिकिटं मागितली. हिने एकच दाखवलं.

मी म्हटलं, माझं? तेव्हा सांगितलं. लेकीने जानेवारीतच माझं रेल्वेचं तिकीट काढून ठेवलंय. आज संध्याकाळची गाडी, खालचा बर्थ. मला वाईट वाटू नये म्हणून आजवर सांगितलं नाही. आणि विमानं बघण्यात माझा वेळही बरा जात होता.

भयंकर संतापलो. लोक बघत होते तरी मोठ्याने सांगितलं की मी आज बसणारच होतो. बसणारच होतो! हिने रुमालाने माझं कपाळ पुसलं. म्हणाली, माहीत आहे मला. पोचलात की गरम खाऊन घ्या, बॅगेत डबा ठेवलाय, गाडीतलं काही खाऊ नका. आणि आत गेली. एकदा वळून हात केला.

ती दिसेनाशी झाली आणि माझे गुडघे कापायचे थांबले. लगेच थांबले. हेच मेलं जिव्हारी लागलं.

२५ मार्च, गाडीत

दुपारी हिचा फोन. मुलगी झाली. आठवडाभर आधीच आली, पहाटेच कळा सुरू झाल्या. दोघी सुखरूप. दाराबाहेर ही उभी होती. फोन बाळाजवळ धरला. काय तो आवाज! एवढ्याशा गळ्यातून! मी काही बोलणार तेवढ्यात बोगदा आला आणि फोन कटला.

बोगद्यानंतर लेकीने स्वतः लावला. दमलेली होती. म्हणाली, बाबा, सावकाश या, तुमची नात कुठे पळून जात नाही. मी हो हो करत राहिलो.

डोळे पुसताना बघून समोरच्या बर्थवरच्या बाईंना वाटलं, काही वाईट बातमी आहे. त्यांना सांगितलं, आजोबा झालो. सगळ्या डब्याने अभिनंदन केलं. एकाने बिस्किटं पुढे केली. मग त्या बाईंनी विचारलं, गाव अजून एक दिवसावर आहे, अशा वेळी विमानाने का नाही गेलात?

एरवी मी या विषयावर तासभर बोलू शकतो. आज बिस्किटं त्यांच्यापुढे केली.