नळाचा मथळा

४ सप्टेंबर १९७७
आजपासून रोजनिशी. आणीबाणी गेली, लेखणी मोकळी. (आणीबाणीत मी अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. निषेध म्हणून. मजकूर कमी पडला होता हा भाग वेगळा.) चौथी पास माणूस, छापखान्यात शाई पुसत पुसत 'जागता पहारा' साप्ताहिकाचा मालक-संपादक झालो. लोकशाहीचा एक खांब म्हणजे आपण. निश्चय: कोणाची भीड नाही.

५ सप्टेंबर
सलूनमध्ये गालाला साबण, कान मोकळे. शेजारच्या खुर्चीत कुजबुज: पुंजाशेठ ठेकेदाराने वसाहतीची पाइपलाइन गटारातूनच नेली, पाइपही जुने, गळके.
दुपारी वसाहतीतल्या सुमनबाई आल्या. जयभीम केला, बसल्या नाहीत. नातू काविळीने सिव्हिलमध्ये, गल्लीतली आणखी पोरं आजारी. म्हणाल्या, अर्ज करून हात दुखले, दादा. पेपरात आलं तर पाण्याचे साहेब लाइन बदलतील. म्हटलं, शनिवारी बघाच. लगेच मथळा जुळवून ठेवला: नळाला गटाराचे पाणी! जबाबदार कोण?

७ सप्टेंबर
पुंजाशेठ स्वतः हजर. वाढदिवसाची अर्धं पान जाहिरात, फोटोसकट. स्पष्ट सुनावलं, जाहिरात वेगळी, बातमी वेगळी. ते म्हणाले, अगदी बरोबर, शुक्रवारी जेवायला या.
बातमीतलं त्यांचं नाव काढलं. कायद्याच्या दृष्टीने 'एक ठेकेदार' बरं. वसाहतीचंही काढलं. उगाच बदनामी नको.

८ सप्टेंबर
हिला बातमी वाचून दाखवली. म्हणाली, एक ठेकेदार, एक वसाहत, एक नळ. खाली सहीपण 'एक संपादक' अशीच ठोका. घरात पत्रकारितेची समज नाही.

९ सप्टेंबर
प्रूफ बघायचं राहिलं. शेठकडे जेवण. बासुंदी उत्तम. पान बांधायचं काम झुंबर कंपोझिटरवर सोपवलं.

१० सप्टेंबर
घात! झुंबरने बातमीचा मथळा शेठच्या फोटोवर चढवला. 'जबाबदार कोण?' आणि खाली शेठ, हात जोडून हसतायत. त्याखाली 'हार्दिक अभिनंदन'. चौकात लोक मोठ्याने वाचतायत. अंक संपला. पहिल्यांदाच. सायकलवरून अंक परत मागत फिरलो, कोणी देईना. झुंबर म्हणतो, मालक, मला तर ते बरोबरच वाटलं.

१३ सप्टेंबर
वसाहतीत खोदकाम सुरू! साहेब जातीने उभे. याला म्हणतात वृत्तपत्राची ताकद. पण शेठ ओळख दाखवत नाहीत. संबंध जपणं हीसुद्धा लोकशाहीच.

१७ सप्टेंबर
पहिल्या पानावर चौकटीत खुलासा: 'वसाहतीतील नळाचे पाणी शुद्ध आहे. गैरसमजाबद्दल दिलगीर आहोत.' शेठचा निरोप: भाषा छान.

१९ सप्टेंबर
सुमनबाई आल्या. हातात दोन्ही अंक. साहेबांनी खुलासा दाखवून काम बंद केलंय, खड्डा तसाच उघडा. नातू संध्याकाळी घरी येणार. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, दादा, दोन्ही तुम्हीच छापलंत. यातलं खरं कुठलं तेवढं सांगा. पोराला कुठलं पाणी पाजायचं ते ठरवते.
मी चहा मागवला. तो यायच्या आत त्या उठून गेल्या.