दोस्तीतले फोटो

जिंतूर, ४ ऑगस्ट २०२५

चि. अण्णासाहेबास अक्काचे अनेक आशीर्वाद.

हरिओमला काल पोलिसांनी उचलले, आणि हे फोनवर बोलायचा धीर मला होत नाही, म्हणून लिहिते. पाकीट पूर्णेच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिले आहे.

हा हरिओम येलदरीच्या धरणात मासे धरतो. फोनवर ओळख झालेल्या बाईला त्याने धरणाच्या दरवाजांचे फोटो पाठवले. बाई शत्रुदेशाची निघाली. त्याची आई लक्ष्मीबाई माझ्या ओट्यावर बसून सांगत होती, की पोरगं लय भोळं हाय, बाई कुठली ते त्याला कळलंच न्हाई.

ते ऐकून तुझ्या लेकाचा, सारंगचा, घास हातातच राहिला. तो माझ्याकडे राहून तिथल्याच वीजघरात नोकरी करतो. पाहणीला आलेल्या परदेशी, पण दोस्त देशाच्या, इंजिनिअरला त्याने त्याच दरवाजांचे, शिवाय आतल्या यंत्रांचे, फोटो काढून पाठवले आहेत. काय करावे ते कळव. गोड कमी खा.

तुझी अक्का

पूर्णा, ६ ऑगस्ट

ती. अक्कास अण्णासाहेबाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचले. पण हरिओमने दुश्मनाला दिले, तो गद्दार. सारंगने दोस्त देशाच्या माणसाला दिले, त्यात काय बिघडले? आपली माणसेही परमुलखातून खबर आणतात, त्यांना आपण शूरच म्हणतो. तरी सारंगला सगळे पुसून टाकायला सांग. ठाण्याची पायरी चढू नकोस. तिथे तुझी शाळेतली हेडमास्तरकी चालायची नाही. माया असू दे.

तुझा अण्णा

जिंतूर, ९ ऑगस्ट

चि. अण्णासाहेबास आशीर्वाद.

तुझ्या लेकीच्या, प्राचीच्या, सोयरिकीच्या वेळी तू तिच्या सासरी गुपचूप माणूस पाठवलास, ती म्हणे चौकशी. त्यांचा माणूस तुझ्या शेजाऱ्यांना विचारून गेला, तर तू जेवण सोडलेस. घरावर पाळत ठेवतात म्हणालास. देशांचेही तसेच. उद्या ही दोस्ती मोडली तर सारंग कोण ठरेल?

मी काही पुसू दिले नाही. पुसले असते तर लपवले म्हणाले असते. त्याला घेऊन ठाण्यात गेले. साहेबांनी देशाचे नाव ऐकून चहा मागवला. म्हणाले, ते तर आपलेच लोक, बाई, घरी जा. मी म्हटले, लिहून घ्या. मग त्यांनी फोटो पाहिले. हरिओमचा फोन टेबलावर होता, त्यातही तोच दरवाजा. त्यांचे हसू गेले. त्यांनी वर फोन लावला, सारंगला थांबायला सांगितले आणि मला जायला.

बाहेर लक्ष्मीबाई डबा घेऊन बसली होती. तिने विचारले, की तुमचं बी आत ठेवलं का. मी तिच्या शेजारी बसले.

मिळेल त्या गाडीने ये.

तुझी अक्का

ता. क. ठाण्यात दिले ते: सारंगचा मोबाइल आणि त्याचे वीजघराचे ओळखपत्र. दोन्हींची पोच माझ्याकडे आहे. सारंगची पोच दिली नाही.