डाव्या चाकाचं झाकण

जयनगर, बेंगळूर
५ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
विठोजीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलणं जमत नाही, म्हणून पत्र. इकडे सगळे खुशाल आहेत. नात अक्षरा कॉलेज सोडून बाकी सगळ्यात हुशार.

मार्चमध्ये हेब्बाळला जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. अप्पांची शेवरोले घेऊन मी जाणार, आणि हे शेवटचंच. उन्हाळ्यानंतर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून एकदा तरी मूळ रूपातल्या गाडीचं बक्षीस घरी यावं, अशी फार इच्छा आहे. दरवर्षी परीक्षक कौतुकाने गाडीभोवती फिरतात आणि मागच्या डाव्या चाकापाशी येऊन तोंड वाकडं करतात.

तुला आठवतं का, मागच्या चाकांवर पत्र्याची झाकणं होती? मेकॅनिक त्यांना स्कर्ट म्हणतात. वरून अर्धवर्तुळ, खालून सरळ काठ, आत दोन खिट्ट्या. उजवं आहे. डावं तुझ्या लग्नाच्या सुमारास हरवलं. ते म्हैसूर रोडला पडलं असं अप्पांच्या मनाने घेतलं होतं. पुढे कितीतरी वर्षं त्या रस्त्याने जाताना ते गाडी हळू करून गटारात डोकावायचे.

आमच्या मकरंद टिंकरने पत्रा ठोकून हुबेहूब नवीन बनवून दिलं, पण ते बसत नाही. प्रत्येक गतिरोधकावर टायरला घासतं. गाडी दात खाते, असं अक्षरा म्हणते. मला मात्र हसू येत नाही.

माझ्यावरचा लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा,
विठोजी

धारवाड
१४ जानेवारी २०२५

चि. विठोजीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

संक्रांतीचा तिळगूळ सोबत आहे. आधी तो खा, मग पुढचं वाच.

तुझं पत्र वाचलं आणि चष्मा तसाच घालून गच्चीवर गेले. माझा संडिगे-पापड वाळवायचा पत्रा उलटा करून पाहिला. वरून अर्धवर्तुळ, खालून सरळ काठ, आत दोन खिट्ट्या. त्यातल्याच एका खिट्टीने मी तो वर्षभर स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगते!

लग्नाच्या भांड्यांत, परातीखाली, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला तो आला होता. बेंगळूरला वाळवण असल्या पत्र्यावर घालतात की काय, असं सासूबाईंनी विचारलं. मलाही ते नवीनच होतं, पण माहेरचं नाक खाली कसं जाऊ देणार? आमच्याकडे यावरच घालतात, असं मी ठणकावून सांगितलं. मग आयुष्यभर त्यावर धोतर अंथरून संडिगे घातले. शेजारणीसुद्धा मागून नेतात. अप्पा बिचारे गटारं शोधत राहिले आणि इथे आल्यावर त्याच पत्र्यावरचे संडिगे मिटक्या मारत खाऊन गेले.

खरं सांगते, तो द्यायला जीव होत नाही. आईची म्हणून एवढी एकच वस्तू माझ्याकडे उरली होती, आणि तीही आईची नव्हती. बसून स्वल्प रडलेसुद्धा. पण तुझी ही शेवटची फेरी आहे. नातू अभिमन्यू रविवारी तुमच्या बेंगळूरला, मारतहळ्ळीला कामावर परततोय, त्याच्याबरोबर पाठवते. अट एकच. मेळाव्याला मी येणार आणि मागे डाव्या बाजूलाच बसणार.

सर्वांना आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
अक्का

जयनगर, बेंगळूर
२ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

बसलं! अक्का, बसलं!

अभिमन्यूने ते गोधडीत गुंडाळून आणलं. ट्रेनमध्ये लोक त्याला वीणा कुठे शिकतोस म्हणून विचारत होते. मकरंदने गाडी जॅकवर चढवली, चाक खाली लोंबू दिलं आणि झाकणाची वरची कड आत सरकवली. खिट्ट्या मी स्वतः ओढल्या. खट्कन आवाज आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग गल्लीतल्या सगळ्या गतिरोधकांवरून गाडी नेली. कुठे घासणं नाही, काही नाही.

भांडी बांधायच्या दिवसांत डावं चाक पंक्चर झालं असणार आणि ड्रायव्हरने झाकण काढून कोठीत ठेवलं असणार. तिथून ते तुझ्या भांड्यांबरोबर बांधलं गेलं. बाहेरचा रंग तुझ्या काथ्याने पार खाल्ला आहे, तो नवीन दिला. आतला हिरवा मात्र अप्पांच्या वेळचा आहे, त्याला हात लावला नाही. तुझी अट सरी, मान्य. डावी बाजू तुझीच.

येताना संडिगे आण, आणि राग आणू नकोस.
तुझा,
विठोजी

धारवाड
२० मार्च २०२५

चि. विठोजीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचले. बक्षिसाचा फोटो अख्ख्या गल्लीला दाखवून झाला.

तू नाव नोंदवायला मांडवात गेला होतास, तेव्हा काय घडलं ते तुला कुणी सांगितलंच नसेल. ते मिशीवाले परीक्षक डाव्या चाकापाशी आले. इतकी वर्षं नव्हतं ते झाकण यंदा कुठून उगवलं, नक्की नकली आहे, असं अक्षराला सांगून ते लिहू लागले. तिने ते माझ्या कानाशी ओरडून सांगितलं. मी काठी टेकत उतरले आणि तिला दोन्ही झाकणं काढायला लावली. ती उलटी करून शेजारी शेजारी ठेवली. आतून तोच हिरवा, तसाच पिकलेला. डाव्याच्या घडीत एक संडिगा अडकला होता. तो पाहून त्यांनी हे काय म्हणून विचारलं. मी कानडीत सांगितलं, की हे माझ्या स्वयंपाकघरात होतं, हवं तर तळून खाऊन बघा. गृहस्थ हसले आणि लिहिलेलं खोडलं.

परत येताना तू किल्ली अक्षराच्या हातात दिलीस आणि माझ्या शेजारी येऊन बसलास. तू खिडकीबाहेर बघत होतास, मीही बाहेरच बघत होते. ती चांगली चालवते रे.

तू पाठवलेला मकरंदचा पत्रा काल मिळाला. गाडीला नाही बसला, पण माझ्या खुंटीला अगदी बरोबर बसला. आजच त्यावर पहिले संडिगे घातले. आईने दिला म्हणून आजवर मिरवत होते, ते खोटं निघालं. आता कुणी विचारलं तर छाती पुढे काढून सांगते, भावाने खास घडवून पाठवलाय.

लोभ कमी पडला तर मागून घे, इथे भरपूर आहे.
तुझी,
अक्का