नाव गॅरेजचं

३ फेब्रुवारी १९८६, डडली
आजपासून ‘कॉफिन टॅक्स’ हा इंग्लंडमधला सर्वांत वेगवान आणि कर्कश बँड. संस्थापक, गिटार, आरोळ्या: मी, केल्विन प्रॉसर. ड्रम्सवर रसेल, बेसवर माल्कम; दोघे शाळेपासूनचे. तालीम आमच्या गॅरेजमध्ये, म्हणून आईची मोटार बाहेर पावसात. महान कार्याला त्याग लागतोच. तो आई करते आहे.

१९ मार्च
माल्कम गेला. म्हणे याला गाणं म्हणत नाहीत, भांडी पडणं म्हणतात. जाताना बँडचं नावही मागत होता! गेला उडत. तिथल्या तिथे ठराव केला: माणसं येतील, जातील, नाव गॅरेजचं. जो गॅरेजमध्ये, तो बँडमध्ये. फार दूरदृष्टीचा ठराव.

२ मे
रसेलचं लग्न ठरलं. मेला आम्हाला. त्याच्या जागी टिप्टनचा डॅरन, बेसला त्याची मैत्रीण हेझल. डॅरन इतकी घाई करतो की मी अर्ध्यावर असताना गाणं संपतं. ड्रमरने गिटारच्या मागे राहावं, असं समजावलं. म्हणाला, तुझ्या मागे राहायचं तर मध्ये चिप्स खाऊन यावं लागेल. हसलो. नेत्याने हसावं.

२७ जून
पबमध्ये पहिला कार्यक्रम. नवं गाणं काही सेकंदांचं; मी तार जुळवत असताना होऊन गेलं. लोक ओरडले, पुन्हा! पुन्हा झालं, तेव्हा मी घाम पुसत होतो. पण माझी उपस्थिती दोन्ही वेळा जाणवली.

११ ऑगस्ट
डॅरनने साय नावाचा गिटारवाला आणला. तात्पुरता. मी आता फक्त आरोळ्या. ही बढतीच.

३० ऑगस्ट
घसा बसला. डॉक्टर म्हणतात, महिनाभर मौन. आरोळ्या हेझल मारते. तात्पुरत्या. शेजारच्या मिसेस टँडींनी पोलीस बोलावले. माझ्या वेळी नुसती खिडकी लावायच्या. जुना स्नेह, दुसरं काय.

ऑक्टोबर, तारीख बघायची इच्छा नाही
मला काढलं. माझ्या बँडमधून! म्हटलं, चालते व्हा, नाव इथेच राहील. डॅरन म्हणाला, हो ना, नाव गॅरेजचं, तुझाच ठराव. म्हटलं, गॅरेज माझं! तेवढ्यात आई बिस्किटं घेऊन आली. म्हणाली, गॅरेज माझं आहे केल्व, आणि ही पोरं निदान झाडून तरी जातात, तू कधी झाडू धरलास?
वाईट वाटलं. खूप. मग बाणेदारपणे राजीनामा दिला.

१४ मार्च १९८७
रेकॉर्ड आली. मागे तिघांची नावं. संस्थापकाचं नाव नाही. खाली: ‘चहाबद्दल मिसेस प्रॉसर यांचे आभार.’ आईने ती बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगली आहे, माझ्या शाळेच्या फोटोच्या जागी.
आईला ठणकावून सांगितलं, यापुढे या घरातून त्यांना पाण्याचा थेंब मिळणार नाही. आई म्हणाली, बरं, हा ट्रे गॅरेजमध्ये नेऊन दे, चहा निवतोय.
नेला. ठराव अजून माझाच आहे: जो गॅरेजमध्ये, तो बँडमध्ये. म्हणजे ट्रे ठेवेपर्यंत मी बँडमध्ये होतो. तेवढ्यात दोन गाणी झाली.